देश ठरेपर्यंत

डायलिसिसच्या जुन्या चार्टच्या पाठीवर
सुदेशने पट्टी न घेता रेघा मारल्या.
पगार. थंडी. भाषा. शर्वाणीची शाळा.
आईला काही झालं तर किती तासांत पोचू,
हा शेवटचा रकाना त्याने नव्हता आखला,
मी नंतर वाढवला,
म्हणून तो तिरका आहे आणि कागदात मावत नाही.

आयर्लंडला इंग्रजी चालतं, पण घरं मिळत नाहीत म्हणे.
फिनलंडला हिवाळ्यात दुपारीच अंधार,
त्यावर सुदेश: धनकवडीत राहिलोय, अंधाराचं काय सांगता.
पोर्तुगालला ऊन आहे. ऊन इथेही आहे,
मग तिकीट कशाला काढायचं.
नवऱ्याचं नाव सुदेश; त्यावरचे सगळे विनोद
माहेरी-सासरी दोन्हीकडे करून झालेत.

चार महिने झाले, रविवारी सकाळी
डेक्कनला झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर
जर्मन शिकते.
आगाशे बाई म्हणतात, आपल्याला सोपं,
त्यांनाही तीन लिंगं, आपल्यासारखीच.
पण सूर्य तिकडे ती.
आणि नदी तिकडे तो.
लकडी पुलावर बस अडली तेव्हा मुठेकडे बघून
म्हणून पाहिलं: तो मुठा, तो वाहतो.
तो काही वाहत नव्हता.
धरणातून सोडतील तेव्हा.

मूल मात्र तिकडेही ते. घरही ते.
एवढे दोन शब्द पाठ करावे लागले नाहीत.

सोमवार-गुरुवार, चार तास, तीन नंबरची खुर्ची:
कुंभोजकर काका, टपाल खात्यातून निवृत्त.
युरोप त्यांना दातेरी कडांचा माहीत,
मागून डिंक लावलेला.
"ठरला का देश?"
मी स्वित्झर्लंड म्हटलं, नुसतं म्हणून पाहिलं,
तर म्हणाले, तिकिटावर ते नाव शोधू नका,
तिथे हेल्वेटिया लिहितात.
देशसुद्धा दारातून बाहेर पडताना
दुसरं नाव लावतात, सिस्टर.
तुम्हीही लावलंत की लग्नात.

मग डावा हात पुढे करतात.
कोपराच्या वर फिस्टुला, दोन बोटं ठेवली की
आत मांजर गुरगुरल्यासारखं.
दोन सुया, दोन्ही पहिल्या झटक्यात.
दुसऱ्या कुणाकडून टोचून घेत नाहीत;
एकदा मी रजेवर होते,
दंड आठवडाभर वांग्यासारखा.
"तुमच्या त्या कागदावर," गेल्या गुरुवारी म्हणाले,
"माझा रकाना आहे का?"
विनोदच होता. मी बीपी बघायला वळले.

घरी रात्री बेरीज केली. जर्मनी बेचाळीस.
नेदरलँड्स बेचाळीस.
सुदेश म्हणाला, थंडीचा एक कमी कर.
कुठल्या थंडीचा, मी विचारलं.
शर्वाणी तोवर कागद उलटून
कुणा पेशंटच्या वजनाच्या आकड्यांना
मिशा काढत होती.

आज नवी मुलगी आली, रुबीना, भोरची.
हात गार, नखं नीट कापलेली.
तिला तीन नंबरपाशी नेलं.
माझं ठरलं नव्हतं अजून. शपथ.
तरी तिची दोन बोटं धरून
काकांच्या दंडावर ठेवली:
इथे नाही. जरा वर. दाबू नकोस, नुसतं ऐक.

काकांनी माझ्याकडे पाहिलं,
मग तिच्याकडे, मग खिडकीबाहेर,
जिथे कात्रजची बस वळत होती.

"लागतंय?"
"ते थरथरतंय ते?"

हो. ते.